केसपेपरवर नसलेला रकाना

‘हाय खाणे’ हा मराठीतला एक जुना आणि फार अर्थगर्भ वाक्प्रचार आहे. दुखणे जिवावरचे नसते, वैद्यांनी आशा दिलेली असते, औषधही लागू पडण्याजोगे असते. परंतु दुखणाईत अन्नावरची वासना टाकतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, विचारल्या प्रश्नाला मान हलवण्यापलीकडे उत्तर देत नाही, आणि पुढे काही विपरीत घडले की घरातली जाणती माणसे दबल्या आवाजात म्हणतात की दुखणे निमित्ताला झाले, तो गेला हाय खाल्ल्यामुळे. शरीराच्या व्याधीवर मनाच्या अवस्थेची सत्ता किती खोलवर चालते याचे ज्ञान आपल्या भाषेने अशा रीतीने पिढ्यानपिढ्या जतन करून ठेवले आहे, आणि गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने तेच मोजमाप करून दाखविले आहे. असे असता ज्या ठिकाणी या ज्ञानाची सर्वांत अधिक निकड आहे त्या रुग्णालयाच्या नित्य व्यवहारात त्याला अद्याप जागा मिळालेली नाही. आणि ती जागा मिळवून देण्याचे सामर्थ्य जिच्या ठायी आहे त्या परिचारिकेकडे इंजेक्शन टोचणारी आणि सलाईन बदलणारी कर्मचारी याहून निराळ्या दृष्टीने पाहावयास आपण तयार नाही. हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू एका जिल्ह्याच्या गावी रुग्णालयाच्या पुरुष शस्त्रक्रिया कक्षात अकरा दिवस होते, आणि रात्रीच्या सोबतीला मी त्यांच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपत असे. पलीकडच्या खाटेवर साठी उलटलेले एक शेतकरी होते. मधुमेहाने त्यांचा पाय सडला होता आणि गुडघ्याखाली तो कापावा लागला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. जखम कोरडी होती, ताप नव्हता, साखर आटोक्यात येत होती, आणि सकाळच्या राउंडला डॉक्टर केसपेपर चाळून समाधानाने पुढच्या खाटेकडे वळत. परंतु तीन दिवस त्या गृहस्थांनी घरून आलेल्या डब्याला हात लावला नव्हता. सून भाकरी दुधात कुस्करून ठेवी, ती संध्याकाळी तशीच परत जाई. भेटीला येणारा प्रत्येक जण ‘धीर सोडू नका, हल्ली कृत्रिम पाय फार चांगले मिळतात’ अशा अर्थाचे काहीतरी बोले, आणि प्रत्येक वेळी ते पांघरूण थोडे अधिक वर ओढून घेत.

तिसऱ्या रात्री दोन वाजून गेल्यावर परिचारिका त्यांचा ताप पाहावयास आल्या. कक्षात त्या वेळी चाळीसहून अधिक रुग्ण होते आणि ड्यूटीवर त्या एकट्या होत्या. थर्मामीटर पुसून त्या पुढे निघाल्या होत्या, परंतु थांबल्या. खाटेखालचे स्टूल पायाने ओढून घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आजोबा, डोळा लागत नाही का?’’ बराच वेळ उत्तर आले नाही. मग छताकडे पाहत ते गृहस्थ म्हणाले, ‘‘सिस्टरबाई, त्या पायाचं पुढं काय केलं हो?’’

तीन दिवस त्या माणसाच्या मनात हा एकच प्रश्न घोळत होता. ज्या पायाने जन्मभर नांगरामागे चाललो तो पाय आता कोठे आहे, हे त्यांना हवे होते. परंतु डॉक्टरांना विचारावे तर वेडगळपणा ठरेल, आणि मुलाला विचारावे तर तो रडू लागेल, म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतले होते. परिचारिकेने विषय बदलला नाही किंवा तो हसण्यावारी नेला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या मुलानं सही करून ताब्यात घेतला. पुढं काय केलं ते त्यालाच विचारा. तोही तुम्हाला सांगायला घाबरतोय, आजोबा.’’ त्यानंतर दहा-बारा मिनिटे त्यांचे बोलणे चालले होते. उभ्या पिकाचे आता कोण पाहणार, सुनेवर आपले ओझे पडणार, शौचाला सुद्धा कोणाचा तरी हात धरावा लागणार, असे एकेक बाहेर येत गेले, आणि त्या फक्त ऐकत होत्या. सकाळी मुलगा आला. पाय त्याने बांधावरच्या कडुनिंबाखाली पुरला होता, वर दगडही रचून ठेवला होता. हे ऐकून ते वृद्ध गृहस्थ पोटभर रडले आणि मग त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

आता माझी तक्रार पुढची आहे. त्याच सकाळी खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता मी सहज पाहिला. तापमान, नाडी, रक्तदाब, लघवीचे माप, साखरेचा आकडा, औषधांच्या मात्रा आणि वेळा, सर्व काही व्यवस्थित लिहिलेले होते. परंतु तीन दिवस न खाणारा माणूस कशामुळे खाऊ लागला याची नोंद करण्यास त्यावर रकाना नव्हता, म्हणून ती नोंद झाली नव्हती. चार्ज देण्याघेण्याच्या घाईत चाळीस रुग्णांची सलाईने आणि प्रतिजैविके सांगता सांगता ते दहा मिनिटांचे संभाषण मागे राहिले. त्या परिचारिकेची रात्रपाळी संपली, दुसऱ्या रुजू झाल्या. दोन दिवसांनी ड्रेसिंगच्या वेळी त्या गृहस्थांचे डोळे पुन्हा भरून आले, तेव्हा नव्या सिस्टर समजुतीच्या सुरात म्हणाल्या, ‘‘एवढ्या मोठ्या माणसानं रडायचं असतं का?’’ त्यांचा हेतू वाईट नव्हता; मागचा धागा त्यांच्या हाती कोणी दिलाच नव्हता. पांघरूण पुन्हा वर गेले.

मनाच्या या अवस्थेला केवळ हळवेपणा समजणाऱ्यांनी शरीरशास्त्राचा पुरावा पाहावा. चिंता आणि भीती दीर्घकाळ टिकली की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवत राहते. त्याने रक्तातील साखर वाढते, झोप उडते आणि जंतूंशी झुंजणारी शक्ती क्षीण होते. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात एक साधा प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची घरी शुश्रूषा करून शिणलेल्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारख्या आकाराची अगदी लहान जखम करून ती भरून येण्यास किती दिवस लागतात ते पाहण्यात आले. शिणलेल्या स्त्रियांची जखम भरावयास सरासरी नऊ दिवस अधिक लागले. त्यापूर्वी दोन वर्षे कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा पाठपुरावा झाला होता, आणि ज्यांना झटक्यानंतर विषादरोगाने गाठले होते त्यांना पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका, इतर कारणे वजा जाता, सुमारे चौपट आढळला होता. मधुमेही माणसांत विषादाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असते. आणि विषादग्रस्त रुग्ण औषधपाणी व पथ्य अर्ध्यावर सोडून देण्याची शक्यता तिपटीने अधिक असते, हे अनेक अभ्यास एकत्र करून २००० साली दाखविण्यात आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हृदयरुग्णांच्या विषादावर उपचार केल्याने त्यांचे आयुष्य वाढते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत सुमारे अडीच हजार रुग्णांवर मोठा प्रयोग झाला आणि त्याचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे मन सावरले, एकाकीपण कमी झाले, परंतु मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही. कित्येकांना हा निष्कर्ष निराशाजनक वाटला. मला तसे वाटत नाही. कर्करोगाच्या वेदना शमविल्याने आयुष्य वाढते की नाही, असा हिशेब मांडून कोणी मॉर्फीन नाकारीत नाही. वेदना आहे एवढेच कारण तेथे पुरेसे ठरते. मनाच्या वेदनेला निराळा न्याय लावण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रत्येक खिन्नता हा रोग असतो असे मात्र समजू नये. अवयव गमावलेल्या माणसाने रडणे, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याची झोप उडणे, हे निरोगी मनाचेच लक्षण आहे. पण मन सतत उदास राहणे आणि एरवी ज्यांत जीव रमे त्या गोष्टींतला रस उडून जाणे, या दोहोंपैकी काहीही दोन आठवड्यांच्या वर टिकले तर तज्ज्ञाकडे गेले पाहिजे, असा वैद्यकाचा ढोबळ दंडक आहे. आणि हे दोन प्रश्न कोणत्याही परिचारिकेला दोन मिनिटांत विचारता येतात. अडचण अशी की आपल्याकडे रुग्ण ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, छातीत धडधडतं, डोकं जड झालंय, घास घशाखाली उतरत नाही, हातपाय गळून गेलेत. डॉक्टर कार्डिओग्राम काढतात, तो निर्दोष निघतो, आणि प्रकरण तेथेच मिटते. पाच वेळा खाटेजवळून जाणारी परिचारिका मात्र पाहत असते की हा माणूस पहाटे तीनलाच जागा असतो, खिडकीबाहेर पाहत नाही, शेजाऱ्याशी बोलत नाही, नातू आला तरी हसत नाही. औषधेही तिच्याच हातून जातात. दुर्दम्य क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरिन या औषधाने मन खचू शकते हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. पण गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात रुग्णाचा स्वभाव पालटला, हे कोणाच्या लक्षात येणार? जी रोज ती गोळी हातावर ठेवते तिच्याच.

रोगनिदान करणे हे परिचारिकेचे काम नाही. वृद्ध रुग्ण गप्प झाला तर ती भ्रमावस्थाही असू शकते, थायरॉइडचा दोषही असू शकतो, आणि त्याची शहानिशा डॉक्टरांनीच केली पाहिजे. परिचारिकेने करावयाचे ते याहून साधे आहे. रुग्णाला ‘बेड नंबर बारा’ न म्हणता नावाने हाक मारावी. सुई टोचण्यापूर्वी, नळी घालण्यापूर्वी, शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी आता काय होणार आणि किती दुखेल ते खरे सांगावे, कारण अज्ञाताचे भय ज्ञात वेदनेहून मोठे असते. रात्रीचे दिवे मंद करावेत, निकड नसता पहाटे चारला अंगपुसणीसाठी उठवू नये. आणि पोकळ दिलासा देऊ नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास परिचर्येवर लिहिलेल्या आपल्या छोट्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण या खोट्या आशा आणि फुकाच्या सल्ल्यांसाठी खर्च केले आहे. क्रिमियाच्या युद्धात सैनिकांचे मृत्यू जवळून पाहिलेल्या बाईंना ही बाब जखमेच्या स्वच्छतेइतकी महत्त्वाची वाटली. ‘काही होत नाही हो’ या आपल्या आवडत्या वाक्याने रुग्णाचे दुःख कमी होत नाही, त्याचे बोलणे तेवढे बंद होते.

सर्वांत अवघड प्रश्न मरणाचा. जगू नये असे मनात येते का, हे रुग्णाला विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात भरेल, अशी भीती आपल्याकडे सुशिक्षितांनाही वाटते. ती निराधार आहे. सरळ शब्दांत आणि मायेने विचारल्याने धोका वाढत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे कोणाजवळ तरी उतरविता येते. होकार आला तर त्या माणसाला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांना कळविणे हे त्या परिचारिकेचे पुढचे काम. कायद्याची धास्तीही आता कोणी बाळगण्याचे कारण उरलेले नाही. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली.

हे सारे करावयाचे कोणी आणि केव्हा, हा प्रश्न एव्हाना कोणत्याही परिचारिकेच्या ओठांवर आला असेल, आणि तो रास्त आहे. या व्यवसायाचा आपल्या समाजाने प्रथमपासून उपमर्द केला. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडले, तेव्हा परक्या पुरुषांची मलमूत्रे काढण्याचे हे काम प्रतिष्ठित घराला न शोभणारे मानले जात होते. नाशिक येथे जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य पाहणी समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. आज संख्या पुष्कळ वाढली आहे हे खरे. परंतु अध्यापन रुग्णालयात तीन आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक, आणि त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर चाळीसांमागे एक! मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवायची, उरलेल्यांना जोडून पाळ्या करायला लावायच्या, भांडारातील चादरींच्या हिशेबापासून विम्याच्या कागदांपर्यंत सर्व दप्तरी कामे त्यांच्या गळ्यात बांधायची, कक्षात मृत्यू झाला की नातेवाइकांच्या संतापाला पहिले तोंड त्यांनीच द्यायचे, आणि वर त्यांनी हसतमुखाने दुसऱ्यांच्या मनाला उभारी द्यावी ही अपेक्षा बाळगायची, हा अन्याय आहे. जिचे स्वतःचे मन पिळून निघाले आहे तिला दुसऱ्याचे ऐकण्याची शक्ती कोठून येणार? रुग्णांच्या मनाची चिंता करणाऱ्या रुग्णालयाने आधी आपल्या परिचारिकांची झोप, सुट्टी आणि सुरक्षितता यांची तजवीज केली पाहिजे.

मनुष्यबळाचा प्रश्न शासनाच्या तिजोरीशी निगडित आहे आणि तो एका लेखाने सुटणारा नाही. परंतु एक गोष्ट उद्यापासून करता येण्याजोगी आहे आणि तिला छदामही लागत नाही. नाडी व तापमानाच्या तक्त्यावर मनःस्थितीचा एक रकाना वाढवावा. त्यात प्रत्येक पाळीला एका ओळीचा शेरा असावा: जेवला की नाही, झोपला की नाही, बोलला की नाही, आणि कशाची चिंता बोलून दाखविली. चार्ज देताना जसे लघवीचे माप सांगतात तसाच हा शेरा सांगितला जावा, आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांनी तो वाचल्याखेरीज पुढच्या खाटेकडे जाऊ नये असा शिरस्ता पडावा. मनोविकार परिचर्या हा विषय परिचारिकांच्या अभ्यासक्रमात आहे, त्यासाठी विद्यार्थिनी मनोरुग्णालयांत काही आठवडे काढतातही. परंतु तेथे शिकलेले तेथेच ठेवून यावयाचे आणि शस्त्रक्रिया कक्षात फक्त जखम पाहावयाची, ही फाळणी आपण आखलेली आहे, रोग्याच्या देहात ती नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी विषादरोग होतो असे आढळले, आणि अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. मनोविकारतज्ज्ञाच्या दारी आपण होऊन न जाणारी ही माणसे साखरेसाठी, हृदयासाठी, बाळंतपणासाठी सामान्य रुग्णालयात मात्र येतात. त्यांची गाठ तेथे ज्या पहिल्या माणसाशी पडते ती परिचारिका असते.

माझी ही सूचना जिल्हा शल्यचिकित्सकांनी, अधिसेविकांनी आणि खासगी रुग्णालयांच्या चालकांनी विचारात घ्यावी अशी विनंती आहे. तोवर रुग्णाच्या नातेवाइकांना करता येण्याजोगेही काही आहे. स्वतःचे मन सोबतीच्या जागरणांनी खचले असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. आणि आपला रुग्ण एरवी कसा असतो हे परिचारिकेला आपणच सांगितले पाहिजे, कारण ती त्याला आजारीच पाहत आलेली असते. ‘आमचे वडील रोज पहाटे उठून रेडिओ लावतात, गेल्या चार दिवसांत त्यांनी तो एकदाही मागितला नाही,’ एवढे एक वाक्य, पाळी बदलण्याच्या वेळी, सिस्टरांना जरूर सांगा.